न पाहिलेल्या पुस्तकाची चांदणी

बाई,

ते पुस्तक सापडलं. मँचेस्टरला आहे. गेल्या मंगळवारी मी ते स्वतःच्या दोन हातांत धरलं, नावाचं पान वाचलं, उंची मोजली, पानं दोनदा मोजली. हे सगळ्यात आधी लिहून टाकते, कारण तुम्हाला प्रस्तावना आवडायची नाही. माझ्या एम.ए.च्या पहिल्या निबंधाची पहिली दोन पानं तुम्ही वर्गासमोर उभी रेघ मारून काढून टाकली होतीत. "तिसऱ्या पानावर तू बोलायला लागतेस, तोवर नुसता घसा खाकरतेस," असं म्हणाला होतात. मी तेव्हा रडले नाही. घरी जाऊन रडले.

तुमचा अमेरिकन. हे नाव तुमच्या बहिणीने पाडलं होतं. अमेरिका नावाचा देश व्हायच्या आधी तिथल्या एका थंडगार गावात राहणारा विद्वान माणूस. पोटासाठी प्रवचनं द्यायचा, पोरांना लॅटिन आणि हिब्रू शिकवायचा, दरवर्षी पंचांगासारखं एक पुस्तक काढून त्यात महिन्यागणिक चार ओळींचं पद्य घालायचा, आणि गावात कोणी मेलं की विलापिका लिहून छापायचा. "शेजारी कोणी खोकलं तरी हा दौत उघडत असेल," असं तुम्ही म्हणायचात. नागपूरच्या आपल्या कॉलेजात परदेशातून भेट आलेल्या पुस्तकांच्या खोक्यात त्याची दोन प्रवचनं निघाली आणि तुम्ही ठरवलंत की ह्या माणसाने जे जे म्हणून छापलं त्याची एक सूची करायची. कशाला, असं मी विचारलं होतं. तुम्ही चष्मा काढून पुसलात. "कारण कोणी केलेली नाही. आणि तुला दुपारी दुसरं काय काम असतं?"

दुपारी खरंच काही काम नसे. मी येते, सायकल जिन्याखाली लावते, आणि सरळ तुमच्या स्वयंपाकघरात जाते. मे महिन्यातला नागपूरचा उन्हाळा. बाहेरच्या खोलीत वाळ्याचा कूलर धडधडतोय, त्याच्यासमोर तुमची बहीण पाय पसरून बसली आहे, आणि आपण दोघी आत, चुलीच्या भिंतीला पाठ लावून घामाने भिजतोय. कारण कूलरच्या ओल्या वाऱ्याने कार्डं वाकतात. कार्डं म्हणजे लग्नपत्रिका. तुम्ही ओळखीपाळखीच्या घरांतून जुन्या पत्रिका मागून आणायचात, कोरी पाठ पाहून एका मापाच्या कापायचात. त्यामुळे त्या माणसाची एकेक विलापिका कोणाच्या ना कोणाच्या शुभविवाहाच्या पाठीवर नोंदलेली होती. एकदा तुमची बहीण पाणी प्यायला आत आली, एक कार्ड उलटून वाचलं आणि म्हणाली, "ताई, ह्या पोरीचं लग्न तर मोडलं ना गं. तू हिला अजून ठेवून राहिली?" तुम्ही म्हणालात, "लग्न मोडलं, कागद चांगला आहे." मग ती माझ्याकडे वळली. "तू तरी जा घरी. ही काही ऐकत नाही. त्या मेल्या अमेरिकनापायी माझी भाजी करपून राहिली रोज." भाजी खरंच करपली होती. आपण तीच खाल्ली.

तुमचा नियम एकच होता. पुस्तक हातात घेतलं, किंवा नावाच्या पानाचा फोटो ग्रंथालयाकडून आला, तर कार्डावर 'पाहिले'. कोणाच्या सांगण्यावरून किंवा दुसऱ्याच्या यादीवरून कळलं, तर कार्डाच्या कोपऱ्यात चांदणी. चांदणी म्हणजे ऐकीव. मी एकदा एका जुन्या छापील यादीतून सहा कार्डं एका बैठकीत करून टाकली, शाबासकी मिळेल म्हणून, आणि एकावरही चांदणी घातली नाही. तुम्ही ती सहाही कार्डं ओट्यावर पत्त्यांसारखी मांडलीत.

"ही पाहिलीस?"

"यादीत आहेत, बाई."

"यादी कोणी केली?"

"एका मोठ्या प्रोफेसरांनी."

"त्यांनी पाहिली?"

मी पेनचं टोपण उघडलं.

"आपल्याकडे मुलगीसुद्धा पाहून ठरवतात. वाईट प्रथा आहे, पण निदान पाहतात. आणि तू पुस्तक न पाहता घरात घेतेस?" आणि मग, माझा चेहरा पाहून, जरा हळू आवाजात, "पुढचा माणूस आपल्या भरवशावर जाणार असतो. त्याला खोट्या पत्त्यावर पाठवायचं नाही." बाहेरून तुमची बहीण ओरडली, "काय झालं? कोण मेलं?" तुम्ही म्हणालात, "सहाजण. पुन्हा जन्माला येतील." सहाही कार्डांवर मी तुमच्यासमोर चांदण्या काढल्या.

हा नियम मला आयुष्यभर पुरला. इथे लंडनजवळ पिनरला आल्यावर तीस वर्षं मी हॉस्पिटलच्या रेकॉर्ड्समध्ये काम केलं. नवीन आलेल्या मुलींना मी पहिल्या दिवशी एवढंच विचारायची, फाईल उघडून पाहिलीस, की कोणी सांगितलं म्हणून लिहिलंस? त्या मला मागून 'पाहिलंस-का बाई' म्हणायच्या ते मला ठाऊक होतं. निवृत्तीच्या पार्टीत त्यांनी ते केकवरच लिहून आणलं. मला हसू आलं, हे त्यांना अपेक्षित नव्हतं.

आता जे लिहायचं त्याच्याकडे येते.

सूची पुरी होत आली तेव्हा माझं लग्न ठरलेलं होतं. नवरा इंग्लंडला, तिकिटं आलेली, तीन आठवडे हातात. टंकलेखन मी करून द्यायचं ठरलं. कॉलेजच्या टाइपरायटरवर चांदणीचं बटण तुटलेलं होतं, म्हणून चांदण्या मागाहून शाईने, हाताने काढायच्या होत्या. शेवटच्या दिवशी दुपारी मी घाईघाईने त्या काढल्या. बाहेर मामा रिक्षा थांबवून हाका मारत होता. साठेक नोंदींपैकी नऊंवर चांदणी हवी होती. मी आठ काढल्या. राहिली ती एक तुमच्या सगळ्यात लाडक्या पुस्तकाची. लहानसं, घरगुती पदांचं, लंडनला छापलेलं. त्याच्या एका मित्राच्या पत्रात त्याचा उल्लेख होता, पण प्रत कोणीच पाहिलेली नव्हती. तुम्ही हस्तलिखित तपासलंत, टंकलेलं तपासलंत, पण चांदण्या तपासल्या नाहीत. त्या मी काढणार होते ना.

छापलेली सूची मला इथे पोस्टाने आली. मी पाकीट स्वयंपाकघरात उभ्याउभ्याच फोडलं, आनंदाने, आणि चाळता चाळता त्या नोंदीपाशी थांबले. पुढे कोरं. म्हणजे आमच्या बाईंनी हे पुस्तक पाहिलं आहे, असं ते पान जगाला सांगत होतं. सोबत तुमचं पत्र होतं. "चुका एकही नाही असं दिसतं. तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास आहे." आणि खाली: "पदांचा शोध मी सोडलेला नाही. मँचेस्टरच्या एका जुन्या ग्रंथालयात त्याच्या प्रवचनांचा बांधलेला खंड आहे. ते लिहितात की पदं आमच्याकडे नाहीत. पण तू आता तिथेच आहेस. कधी जमलं तर बघून ये."

बाई, पिनरहून मँचेस्टर फार लांब नाही. सकाळी निघून संध्याकाळी घरी येता येतं. मी चाळीसहून जास्त वर्षं गेले नाही. आधी मूल लहान होतं, मग नोकरी होती, मग तुम्ही गेलात, तुमच्या बहिणीचं चार ओळींचं पत्र आलं, आणि मग तर जायला कारणच उरलं नाही असं मी धरून चालले. पण ती कारणं नव्हती. गेले आणि पुस्तक नाही असं निघालं, तर तुमच्या एकुलत्या एका पुस्तकात मी खोटं घातलं हे पक्कं होणार होतं. न जाता ते निदान अर्धवट राहत होतं.

ते पक्कं करायचं काम माझ्या मुलीने केलं. ती ब्रॅकनेलला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. माझ्या वाढदिवसाला काय द्यावं ते तिला सुचेना, म्हणून तिने तुमचं नाव इंटरनेटवर शोधलं. फोन आला तो मी कणीक मळत असताना.

"आई, तुझा बाईचा सूची मिळाला!"

"तुझ्या बाईंची. मिळाली."

"मिळाली, ओके. पण आई, त्याच्याखाली एक फुटनोट आहे. इट्स नॉट व्हेरी नाइस."

अमेरिकेतले कोणी प्राध्यापक त्या माणसाच्या ग्रंथांची नवी सूची इंटरनेटवर करतायत. पदांच्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं होतं की ह्या पुस्तकाची प्रत कुठेही नाही. नागपूरच्या सूचीत ते पाहिल्याचं दाखवलं आहे, पण तसं दिसत नाही. बहुधा हे भूत आहे. अशा न झालेल्या, पण याद्यांमध्ये फिरत राहिलेल्या पुस्तकाला हे लोक भूत म्हणतात. आणि शेवटी: तेव्हा त्या सूचीतल्या इतर नोंदीही तपासून घ्याव्यात.

मी हात धुतले आणि खुर्चीवर बसले. ह्यांनी विचारलं, "काय झालं? कोणाचा फोन?" मी म्हटलं, "कॉलेजचा." ते म्हणाले, "आता? नापास केलं का?"

सरळ गोष्ट होती. त्या प्राध्यापकांना लिहायचं, की चूक टंकणारीची आहे, सूची करणारीची नाही, आणि टंकणारी मी. मी चार दिवस ते लिहायला बसत होते आणि उठत होते. शेवटी कबुली देण्यापेक्षा पुस्तक शोधून काढणं सोपं वाटलं. मी मँचेस्टरला ईमेल करून प्रवचनांचा खंड मागवून ठेवला. मुलीने सुट्टी घेतली. "तू एकटी नाही जायचं. तू तिथल्या लोकांना ओरडशील."

लंडनच्या यूस्टन स्टेशनहून ट्रेनमध्ये बसलो तेव्हा तिने विचारलं, "आणि नाही मिळाला तर?"

"तर लिहीन."

"आणि मिळाला तर?"

ह्याचा मी विचारच केला नव्हता.

ग्रंथालयातला माणूस उंच, दाढीवाला, मुलीपेक्षा लहान. मला वाटलं हातमोजे देतील. तो म्हणाला, हात स्वच्छ धुवा, तेच उत्तम, हातमोज्यांनी पानं फाटतात. पेन ठेवून घेतलं, पेन्सिल दिली. मग फोमच्या दोन उतरत्या ठोकळ्यांवर त्याने तो खंड ठेवला. तपकिरी कातडं, पाठीवर 'प्रवचने', बस. तो म्हणाला, "आमच्या कॅटलॉगप्रमाणे ह्यात तीन प्रवचनं आहेत, मॅडम. पदं नाहीत. पूर्वी भारतातून कोणीतरी विचारलं होतं वाटतं. तेव्हाही आम्ही नाही असंच कळवलं होतं."

"कळवलं होतं, मला माहीत आहे," मी म्हटलं. "तेव्हा कोणी शेवटपर्यंत पाहिलं होतं का?"

मुलीने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला.

बाई, हॉस्पिटलमध्ये तीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले. फाईलवर एकाचं नाव असतं आणि पोटात दुसऱ्याचे कागद निघतात. बहुधा मागे, अगदी शेवटी, कारण घाईत माणूस मागेच खुपसतो. मी फाईल नेहमी मागून उघडायची. हा खंडही मी मागून उघडला. त्याला ते आवडलं नाही, पण त्याने काही म्हटलं नाही. शेवटची दोन पानं कोरी. मग एका कवितेच्या सहा ओळी आणि खाली 'समाप्त'. मी एकेक पान उलट्या दिशेने येत गेले. पदं, पदं, पदं. मुलगी कुजबुजली, "आई, हे प्रवचन नाहीये." आणि मग ते पान आलं. लंडन, छापणाऱ्याचं नाव, त्याचं नाव, घरगुती पदं. प्रवचनांपेक्षा बोटभर बुटकं पुस्तक. कोणीतरी तीनशे वर्षांपूर्वी बांधणाऱ्याला दिलं आणि त्याने मागे शिवून टाकलं. पहिल्या तीन नावांची नोंद झाली आणि चौथ्यापर्यंत कोणी गेलंच नाही.

दाढीवाला मुलगा वाकून पाहत राहिला. मग तो हळूच एक शब्द बोलला जो ग्रंथालयात बोलत नाहीत. मग म्हणाला, "सॉरी." मी म्हटलं, "असू दे." पट्टी त्याने धरली आणि आकडा मी लिहिला.

तुम्ही असतात तर काय केलं असतंत? मला वाटतं, आधी पानं मोजली असतीत. मी तेच केलं. मग बाहेर आले, जिन्यावर बसले, आणि माझ्या मुलीने आयुष्यात पहिल्यांदा मला इतकं हसताना पाहिलं. ती घाबरली. "आई, यू ओके? पाणी देऊ?" पुढे ट्रॅममध्येही मला हसू येत होतं. समोरची बाई जागा बदलून बसली.

घरी येताना ट्रेनमध्ये मुलगी म्हणाली ते बरोबर होतं, आणि तिथेच सगळा घोळ होता. ती म्हणाली, "म्हणजे आता झालं. पुस्तक आहे. चांदणीची गरजच नाही. तुझी चूक करेक्ट झाली! काही सांगायला नको."

तिने तिथे काढलेले फोटो मी तिला त्या प्राध्यापकांना पाठवायला सांगितलं. दोन दिवसांत त्या प्राध्यापकांचं उत्तर आलं. इतका आनंद झालेला माणूस मी ईमेलमध्ये पाहिला नव्हता. तळटीप काढतो, म्हणाले. आणि लिहिलं होतं: "नागपूरच्या विदुषींनी हे पुस्तक पाहिलं होतं हे आता सिद्ध झालं. मी त्यांची क्षमा मागतो." मुलगी फोनवर टाळ्या वाजवत होती. "बघ! युअर बाई विन्स."

पण बाई, तुम्ही ते पाहिलं नव्हतंत. तुम्ही तसं कधी म्हटलंही नव्हतं. चांदणी असती तर तुम्ही जगाला खरं तेच सांगितलं असतंत, की असं पुस्तक आहे असं मी ऐकते, मला दिसलेलं नाही, तुम्ही शोधा. आणि त्या प्रामाणिक वाक्यावर विश्वास ठेवून कोणी शोधलं असतं, तर ते कदाचित चाळीस वर्षं आधी सापडलं असतं. आता तुमच्या नावावर एक न पाहिलेलं पुस्तक 'पाहिले' म्हणून चढत होतं, टाळ्यांच्या गजरात. हे तुम्हाला ओट्यावर मांडून दाखवलं असतं तर तुम्ही काय म्हणाला असतात ते मला शब्दाशब्दाने ऐकू आलं.

त्या दिवशी दुपारी मी उठले नाही, बसले तशी त्या प्राध्यापकांना लिहिलं. सूची करणाऱ्या बाईंनी हे पुस्तक पाहिलेलं नव्हतं. त्यांनी न पाहिल्याची खूण करायला सांगितली होती. ती खूण टंकणारीकडून राहिली, आणि तिला पुढे कळूनही तिने कळवलं नाही. टंकणारी मीच. नागपूरच्या सूचीतली दुसरी एकही नोंद तपासायची गरज नाही, बाकीच्या चांदण्या बरोबर आहेत. आणि मँचेस्टरच्या खंडात शोधावं हेही आधी बाईंनीच सुचवलं होतं.

मुलगी म्हणाली, "कोण मागितलं होतं तुला हे सांगायला?" मी म्हटलं, "माझ्या बाईंनी." तिने विचारलं, "त्या इतक्या स्ट्रिक्ट होत्या?" मी म्हटलं, "माझ्यापेक्षा." मग ती म्हणाली, "ओ माय गॉड, पुअर यू," आणि फुटून हसली.

नवी तळटीप काल आली. दोन ओळी आहेत. पहिलीत, सूची करणाऱ्यांनी हे पुस्तक प्रत्यक्ष पाहिल्याचा दावा केलेला नव्हता. खूण टंकलेखनात राहिली. दुसरीत, मँचेस्टरच्या खंडाकडे लक्ष वेधणाऱ्या पहिल्या अभ्यासक त्याच. शेवटी तुमचं नाव, बरोबर लिहिलेलं. ह्यांनी ते मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "आणि तुझं नाव?" मी सांगितलं, घालू नका असं मीच कळवलं. मी ह्या कामात टंकणारी होते.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. धंतोलीत तुमच्या घराच्या जागी आता रक्त तपासायची लॅब आहे, आणि तिथल्या माणसाला ह्यातलं काय कळणार? पण लिहायला घेतलं तेव्हा चांदणीचं सांगायचं होतं ते सांगून झालं, आणि आता दिसतंय की तेवढ्यासाठी बसले नव्हते.

ग्रंथालयात मोजमाप झाल्यावर अर्धा तास उरला होता. मुलगी म्हणाली, "वाच ना एक. काय म्हणतो तो?" मी सापडेल ते पान उघडलं. त्यात त्याची बायको त्याला संध्याकाळी गाय बांधून आणायला पाठवते. हा एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात दोरी, वाचत वाचत घरी येतो, आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला गाय नसते. बायको दारात उभी राहून म्हणते, उद्या गाईला वाचायला शिकवू या, ती तरी तुम्हाला घरी आणेल. मी ते मुलीला मराठीत सांगितलं आणि दोघींना हसू आवरेना, तेव्हा त्या दाढीवाल्याने आमच्याकडे पाहिलं, आणि मग तोही हसला. विलापिका लिहिणारा तुमचा तो माणूस घरात असा होता.

तुम्ही दर महिन्याला विचारायचात, "मग, कविता कशा वाटतायत?" आणि मी म्हणायची, "छान आहेत, बाई." तुम्ही खूश व्हायचात. मी त्याची नावाची पानं वाचली, छापणाऱ्यांची नावं, तारखा, पानांची संख्या. साठेक पुस्तकांची कार्डं हाताखालून गेली. त्याची एकही कविता मी कधी शेवटपर्यंत वाचली नव्हती. गाईची ती पहिली. आता मुलीने काढलेल्या फोटोंतून रोज सकाळी चहाबरोबर एक वाचते. काही फार वाईट आहेत, काही नाहीत, आणि वाचून झाली की कोणाशी बोलावं ते मला कळत नाही.